विश्लेषण : इरावती कर्वे यांनी मोजलेल्या १४९ कवट्या आणि ‘प्रमाण’ मेंदूचा नकाशा…

पुणेकरांना इरावती कर्वे माहीत असतात त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून, महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सूनबाई म्हणून किंवा १९५०च्या दशकात शहरातून स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून. त्यांची डॉक्टरेट कशात होती, असे विचारले तर बहुतेक जण समाजशास्त्र म्हणतील. प्रत्यक्षात ती पदवी बर्लिनची होती आणि विषय होता माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू. या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. त्या किती वेगळ्या असतात आणि हा फरक वंशानुसार बदलतो का, हे त्यांना मोजायचे होते. मेंदूचे एमआरआय एका प्रमाण साच्यात बसवणाऱ्या आजच्या सॉफ्टवेअरपुढेही जवळजवळ हाच प्रश्न असतो. कुणाचे डोके ‘प्रमाण’ धरायचे आणि इतरांचे त्यापासूनचे अंतर म्हणजे नेमके काय?

ब्रह्मदेशातून पुण्यात…

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील (आताचा म्यानमार) म्यिंजान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथल्या कापूस कंपनीत अभियंता होते. मुलीचे नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिकण्यासाठी पुण्यात हुजूरपागेत धाडण्यात आले. तिथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्यातून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांचे घर हेच त्यांचे पुण्यातले घर झाले. पुस्तकांचे आणि मोकळ्या चर्चेचे ते घर होते.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९२६ मध्ये बी.ए. झाल्या. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. १९२८ मध्ये त्यांनी एम.ए. केले, प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण. याच सुमारास दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवत आणि स्वतः जर्मनीतून डॉक्टरेट करून आलेले होते. पत्नीनेही तिथे जाऊन शिकावे, असा त्यांचाच आग्रह.

घरातून मात्र विरोध झाला, आणि तोही खुद्द महर्षी कर्वे यांचा. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला सुनेने परदेशी जाणे पटले नाही, ही गोष्ट आज वाचताना खटकते. पण ती घडली आहे. पैशांचा प्रश्न काँग्रेसचे नेते डॉ. जीवराज मेहता (पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री) यांनी दिलेल्या कर्जाने सुटला. १९२८ मध्ये इरावतीबाई बोटीने जर्मनीला निघाल्या.

बर्लिनच्या संस्थेत नेमके काय चालायचे?

बर्लिनच्या डालेम भागात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म संस्थेने मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि युजेनिक्स यांचे केंद्र सुरू केले होते. युजेनिक्स म्हणजे ‘चांगल्या’ वंशाची पैदास वाढवावी आणि ‘वाईट’ वंशाची रोखावी, असा विचार. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनीच्या ताब्यातील नैऋत्य आफ्रिकेत (आताचा नामिबिया) मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेऊन त्यांनी १९१३ मध्ये पुस्तक लिहिले होते आणि त्यावर त्यांची कीर्ती उभी होती. हेच फिशर इरावतीबाईंचे मार्गदर्शक झाले.

फिशर यांचे गृहीतक साधारण असे होते : गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, हे अधिक बुद्धीचे लक्षण आहे आणि त्या मेंदूला जागा देण्यासाठी त्याची कवटीही अधिक असमान असते. इतर वंशांच्या कवट्या त्या मानाने दोन्हीकडे सारख्या असणार. हे सिद्ध करायला मोजणारे हात हवे होते. त्यातले दोन हात पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनीचे होते.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून बर्लिनला आणलेल्या कवट्याही त्यात होत्या. त्या कुणाच्या मर्जीने आल्या नव्हत्या. युरोपातील संग्रहालयांसाठी वसाहतींतून मृतांची हाडे गोळा करण्याची तेव्हा पद्धतच होती.

कवटी मोजायची म्हणजे फूटपट्टी लावली की झाले, असे नाही. टेबलावर ठेवलेली कवटी थोडी जरी कलली तरी सगळे आकडे बदलतात. त्यासाठी १८८४ मध्ये जर्मनीत एक करार झाला. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड यांतून जाणारे प्रतल आडवे धरायचे आणि मग मोजायचे. याला फ्रँकफर्ट प्रतल म्हणतात. दातांच्या दवाखान्यात डोक्याचा बाजूने एक्स-रे काढताना आजही हेच प्रतल वापरले जाते. प्रतल ठरले की कवटीच्या मधून उभी रेषा कल्पायची आणि प्रत्येक खुणेचे तिच्यापासून डावीकडचे आणि उजवीकडचे अंतर घ्यायचे.

पण इथे एक अडचण आहे आणि ती सहज लक्षात येत नाही. कवटी मुळातच असमान असेल तर एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असणार. म्हणजे ज्या खुणांवरून आपण ‘आडवे’ ठरवले, त्या खुणाच कललेल्या. जी गोष्ट मोजायची तिच्यातूनच मोजपट्टी बनवायची, असा हा प्रकार. विटांचीच कड धरून त्या विटांची भिंत ओळंब्यात आहे का, हे पाहण्यासारखे. त्यामुळे अशा अभ्यासात एका कवटीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. अनेक कवट्या सारख्याच पद्धतीने मोजून फरक कुठल्या बाजूला झुकतात, हे पाहावे लागते.

इरावतीबाईंनी ते पाहिले. असमानता सगळीकडेच होती, युरोपीय कवट्यांत आणि इतर कवट्यांतही. वंश आणि असमानता यांचा संबंध मात्र आढळला नाही. प्रबंधाच्या शीर्षकात त्यांनी या असमानतेला ‘सामान्य’ असे विशेषण लावले. मार्गदर्शकाच्या गृहीतकाला सुरुंग लावणारा निष्कर्ष विद्यार्थ्याने त्याच मार्गदर्शकापुढे ठेवणे आजही सोपे नसते. इथे तर विद्यार्थिनी ब्रिटिश वसाहतीतली, कर्ज काढून आलेली, पंचविशीची. नात ऊर्मिला देशपांडे आणि अभ्यासक थियागो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ मध्ये लिहिलेल्या ‘इरू’ या चरित्रानुसार फिशर यांनी त्यांना कमी गुण दिले. पदवी मात्र मिळाली. १९३० मध्ये त्या परतल्या आणि प्रबंध पुढच्या वर्षी जर्मनीत प्रसिद्ध झाला.

तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे याच संस्थेत ऑशविट्झच्या छळछावणीतून योसेफ मेंगेले मानवी अवयवांचे नमुने पाठवत असे.

याचा एमआरआयशी संबंध काय?

समजा, शंभर जणांच्या मेंदूचे एमआरआय काढले आणि बोलताना मेंदूचा कुठला भाग सक्रिय होतो, हे शोधायचे आहे. प्रत्येकाचे डोके वेगळ्या आकाराचे आणि यंत्रात थोड्या वेगळ्या कोनात ठेवलेले. एकाच्या स्कॅनमधला ठिपका दुसऱ्याच्या स्कॅनमध्ये कुठे येतो, हे थेट सांगता येत नाही. म्हणून सगळे मेंदू आधी एका प्रमाण अवकाशात आणले जातात. म्हणजे एकाच मापाच्या साच्यात बसवायचे आणि प्रत्येक बिंदूला तीन आकड्यांचा पत्ता द्यायचा : डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली. उणे ४५, १५, २० असा पत्ता असेल तर मूळ बिंदूपासून ४५ मिलिमीटर डावीकडे, १५ पुढे आणि २० वर. ही जागा ढोबळमानाने बोलण्याशी निगडित असलेल्या ब्रोका क्षेत्राच्या आसपास येते. (हे क्षेत्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका स्वतः कवट्या मोजून वंशांची उतरंड लावणाऱ्यांपैकी होते. या विषयात असे दुवे पावलोपावली भेटतात.)

फ्रँकफर्ट प्रतलाच्या जागी इथे फ्रेंच न्यूरोसर्जन जाँ तालैराख यांची रेषा आली. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारे मज्जातंतूंचे दोन बारीक पट्टे असतात, अँटिरिअर कमिशर आणि पोस्टिरिअर कमिशर. दोघांमधले अंतर साधारण अडीच सेंटिमीटर. त्यांना जोडणारी रेषा आडवी धरायची आणि पुढच्या पट्ट्याला शून्य मानायचे. पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवताना सर्जन आजही याच दोन खुणांवरून नेम धरतात. तालैराख आणि पिएर तुर्नू यांचा १९८८चा नकाशासंग्रह जगभर वापरला गेला. पण तो साठीतल्या एका फ्रेंच महिलेच्या मृत्यूनंतर घेतलेल्या मेंदूवरून बनवलेला होता. त्यातही तपशील एका अर्धगोलाचा होता. दुसरी बाजू त्याचेच प्रतिबिंब असणार, असे गृहीत धरलेले.

बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजून जे नाही असे दिसले होते, तेच ६० वर्षांनी सोयीसाठी गृहीत धरले गेले.

कॅनडातील माँट्रिअल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटने १९९० च्या दशकात ३०५ तरुणांच्या स्कॅनची सरासरी काढून नवा साचा बनवला. पुढे १५२ जणांचा सुधारित साचा आला. त्याला एमएनआय अवकाश म्हणतात आणि आज बहुतेक सॉफ्टवेअर तेच वापरतात. घोटाळा इथेच होतो. एमएनआयचा साचा तालैराखच्या मेंदूपेक्षा मोठा आहे. त्यामुळे तेच तीन आकडे दोन अवकाशांत दोन वेगळ्या जागा दाखवतात आणि मेंदूच्या कडेला हे अंतर एक सेंटिमीटरच्या आसपास जाऊ शकते. मेंदूत एक सेंटिमीटर म्हणजे शेजारचे वेगळे क्षेत्र. जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे फोनवरच्या जीपीएस नकाशावर ठेवले की विहिरी आणि देवळे सरकलेली दिसतात, त्यातलाच हा प्रकार. पृथ्वी तीच, पण मोजण्याचा पाया वेगळा.

म्हणून पत्ते बदलून घ्यावे लागतात. सर्वात साधा मार्ग बारा आकड्यांचा आहे. तीन आकडे मेंदू सरकवायला, तीन फिरवायला, तीन ताणायला किंवा आक्रसायला आणि तीन तिरका करायला. हे बारा आकडे एका मॅट्रिक्समध्ये मांडले की गुणाकार करून नवा पत्ता मिळतो. १९९९ मध्ये मॅथ्यू ब्रेट यांनी दिलेले सूत्र आणि २००७ मध्ये लँकास्टर आणि सहकाऱ्यांनी दिलेले सूत्र, ही दोन यासाठी प्रसिद्ध आहेत. दोन्हींची उत्तरे एकच येत नाहीत. त्यामुळे शोधनिबंधात कुठला अवकाश आणि कुठले सूत्र वापरले, हे लिहिले नसेल तर नुसत्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

मग मेंदू खरेच असमान असतो का? असतो. बहुतेक माणसांत उजवा अर्धगोल पुढून किंचित पुढे आलेला आणि डावा मागून किंचित मागे गेलेला असतो, जणू कुणी मेंदूला हलका पीळ दिला आहे. म्हणजे उजव्या पुढच्या भागाबद्दल फिशर यांना काहीच दिसले नव्हते, असे नाही. चूक होती ती एका वंशाच्या नावावर त्याची मालकी लिहिण्यात. २०१८ मध्ये जगभरातील १७ हजारांहून अधिक निरोगी व्यक्तींच्या एमआरआयचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक हे मानवी मेंदूचे सर्वसाधारण वैशिष्ट्य असल्याचे त्यातही दिसले. एमएनआयचे नंतरचे साचे आता दोन प्रकारांत मिळतात, समान बाजूंचा आणि असमान बाजूंचा. कुठला निवडायचा, हे संशोधकाने ठरवायचे.

परतल्यावर त्यांनी मोजणे थांबवले का?

नाही; आणि त्यांच्या आयुष्याचा हा भाग अनेकदा घाईत उरकला जातो. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काही वर्षे काम केल्यावर त्या १९३९ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. तिथे त्यांनी समाजशास्त्र आणि मानवशास्त्राचा विभाग उभा केला. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातमधील लांघणज येथे उत्खननात काम केले आणि तिथे सापडलेल्या मध्याश्मयुगीन मानवी सांगाड्यांचा अभ्यास केला. आणि महाराष्ट्रातल्या जातीजातींतील जिवंत माणसांची डोकी, नाके, उंची मोजली. वि. म. दांडेकर यांच्यासोबतचे ‘महाराष्ट्राची मानवमिती’ या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने काढले. दांडेकर म्हणजे पुढे गरिबीच्या अभ्यासासाठी गाजलेले अर्थतज्ज्ञच. इथे संख्याशास्त्राची बाजू त्यांची होती.

बर्लिनमध्ये ज्या पद्धतीने वंशाची उतरंड सिद्ध होत नाही हे दाखवले, तीच पद्धत पुण्यात जाती समजून घ्यायला का वापरली? त्यांचा हेतू उतरंड लावण्याचा नव्हता. एकाच नावाच्या, एकच धंदा करणाऱ्या जाती (उदाहरणार्थ महाराष्ट्रातील कुंभारांचे वेगवेगळे गट) मूळच्या एकाच समूहाचे तुकडे आहेत का, हे त्यांना तपासायचे होते. त्यांचा निष्कर्ष होता की नाही. आपसातच लग्ने करणारे हे गट वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन शेजारी बसलेले आहेत. १९६१ च्या ‘हिंदू समाज’ या विषयावरील इंग्रजी ग्रंथात त्यांनी हाच धागा पुढे नेला. पण नाकाच्या रुंदीवरून समूहाचा इतिहास वाचण्याची कल्पनाच जर्मन वंशशास्त्रातून आलेली होती, अशी टीका बार्बोसा यांच्यासह काही अभ्यासक आज करतात. ती टीका रास्त आहे. अमेरिकेत फ्रान्झ बोआस यांनी १९१० च्या सुमारासच स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याचा आकार आईवडिलांपेक्षा वेगळा येतो, असे दाखवले होते. डोके हा वंशाचा शिक्का नाही, हे तेव्हाही माहीत होण्यासारखे होते.

याच काळात कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस मानवी मोजमापांवरूनच दोन समूहांतील अंतर काढण्याचे सूत्र बनवत होते. ‘महालनोबिस अंतर’ या नावाने ते आज मशीन लर्निंग शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटते. गटात न बसणारे मेंदूचे स्कॅन वेगळे काढायलाही ते वापरले जाते. एकेकाळी जाती मोजायला घडवलेले हत्यार आता फोन-लॅपटॉपमध्ये निमूटपणे काम करते.

इरावतीबाईंचे नंतरचे काम मोजपट्टीपासून दूर जात गेले. १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरचा ग्रंथ आला. मराठीत ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ हे ललित लेखांचे संग्रह. ‘परिपूर्ती’तला पंढरीच्या वारीवरचा लेख तर अजून वाचला जातो. १९६७ मध्ये ‘युगान्त’ आणि त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. कन्या जाई निंबकर यांच्यासोबत कोयना धरणाने उठवलेल्या माणसांची पाहणी केली, तिचा अहवाल १९६९ चा. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ६४. सीटी स्कॅन रुग्णांपर्यंत पोहोचायला तेव्हा एक वर्ष बाकी होते, एमआरआय तर त्याहून दूर.

‘भारतीय मेंदू लहान’ म्हणजे काय?

एमएनआयचा साचा उत्तर अमेरिकेतल्या माणसांवरून बनला. भारतीय मेंदू त्यात बसवताना जास्त ताणावा लागतो, असे इथल्या संशोधकांना दिसत होते. २०१९ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २१ ते ३० वयोगटातील ५० पुरुष आणि ५० स्त्रियांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. पुढे बेंगळूरुच्या निम्हान्सने बालवयापासून साठीपर्यंतच्या वेगवेगळ्या वयोगटांसाठी साचे बनवले. याची गरज व्यवहारातली आहे. अल्झायमरमध्ये मेंदू आक्रसतो. पण तो किती आक्रसला हे परक्या साच्याशी ताडून पाहिले तर निरोगी माणसाचा मेंदूही आक्रसलेला वाटू शकतो आणि निदान चुकू शकते.

हैदराबादच्या अभ्यासात भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी आढळले. बातम्यांचे मथळे मात्र भारतीयांचा मेंदू लहान, एवढ्यावरच थांबले. समाजमाध्यमांवर लगेच बुद्धीची चर्चा सुरू झाली. मेंदूचे आकारमान शरीराची उंची, लिंग अशा कितीतरी गोष्टींनुसार बदलते आणि त्याचा बुद्धीशी सरळ हिशेब लागत नाही. दोन सरासरींमध्ये फरक असला तरी दोन्ही गटांतली बहुतेक माणसे एकमेकांच्या मापांत मिसळलेली असतात. साच्यापासूनचे अंतर ही दुरुस्ती करायची गोष्ट आहे, गुण देण्याची नव्हे. नेमक्या याच वळणावर १९३० मध्ये फिशर आणि त्यांची विद्यार्थिनी वेगळ्या वाटांनी गेले होते. शंभर जणांचा साचाही साऱ्या भारताचा नाही, हेही खरे. पालघरच्या आदिवासी पाड्यातला मेंदू आणि कोथरूडमधला मेंदू दोन्ही त्यात सामावतात का, हे तपासायला बरेच जास्त स्कॅन लागतील.

डालेमची ती इमारत आज…

इरावतीबाई जिथे शिकल्या ती संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाली. इमारत आज बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे आणि तिथे राज्यशास्त्र शिकवले जाते. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना मानवी हाडे सापडली. पुढच्या काही वर्षांत पद्धतशीर उत्खनन झाले आणि हाडांचे सुमारे १६ हजार तुकडे निघाले. कोणते हाड कुठल्या खंडातल्या माणसाचे, हे शोधणाऱ्या चाचण्या करायच्या नाहीत, असे विद्यापीठ आणि पीडित समाजांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवले. तशी वर्गवारी म्हणजे त्या संस्थेचेच काम पुढे नेणे झाले असते. मार्च २०२३ मध्ये ती सगळी हाडे डालेमच्या दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली.